काचेवरची सही

चिंचणीच्या कोळीवाड्यात येसूबाईच्या तोंडी लागायला सहसा कोणी धजत नसे. पापलेटचे कल्ले उगाच उचकून बघणाऱ्या गिऱ्हाइकाला ती असं काही सुनवायची, की ते बिचारं भाव न करता मासळी घेऊन वाटेला लागायचं. तिचा नवरा नवशा होडीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, पण त्याचे खलाशीसुद्धा तिच्यासमोर जपून बोलत. अशा या बाईला बोईसरच्या पतसंस्थेतली एक वीतभर काच घाम फोडते, हे कुणाला शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

ती काच म्हणजे सहीचं यंत्र. पतसंस्थेनं काही वर्षांमागे लॉकरसाठी कागदावरची सही बंद केली आणि काउंटरवर हे यंत्र आणून ठेवलं. वायरीनं बांधलेलं बिनशाईचं पेन, त्यानं काचेवर सही करायची, आणि सही करणारं माणूस तेच की दुसरं हे यंत्रानं ठरवायचं. बाकीच्यांचं अंगठा लावूनही भागायचं. येसूबाईचा अंगठा मात्र कुठल्याच यंत्राला कधी ओळखता आला नाही. उभा जन्म मीठ, बर्फ आणि खवल्यांत गेलेला तो अंगठा. त्यावरच्या रेघा केव्हाच झिजून गेल्या होत्या. रेशनच्या दुकानातही तिची हीच गत. म्हणून तिच्या नशिबी ही काच आली.

आज त्या काचेपुढं तिला पहिल्यांदाच एकटीनं उभं राहायचं होतं.

परवा पूर्वीला हळद लागायची होती. पूर्वी म्हणजे येसूबाईची एकुलती एक लेक. तिच्या पाटल्या, गंठण, कानातले, सगळं त्या लॉकरात होतं. एखादा मोसम चांगला गेला की नवशा त्यातून एक दागिना घडवून घ्यायचा. पोर अंगणात खेळत होती तेव्हापासूनचा त्याचा हा नेम. समुद्रावर जाणाऱ्या माणसाचा काय भरवसा, म्हणून लॉकर त्यानं मुद्दाम बायकोच्या एकटीच्या नावावर घेतला होता. आणि दीड महिन्यापूर्वी, समुद्रावर नाही, घरच्या पडवीत चहा पिता पिता त्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. लग्नापर्यंत हा उठेल या आशेवर येसूबाईनं लॉकरचं काम आज-उद्या करत ढकललं. एकटीनं बोईसरला जायचं म्हणजे तो आता उठत नाही असं आपणच कबूल करायचं, असं तिला वाटे. ढकलता ढकलता हळद परवावर येऊन ठेपली.

"आई, घाबरू नको. जमतंय तुला," रिक्षात पूर्वी म्हणाली.

"घाबरते कोन? तुजा बापूस घाबरतो," येसूबाई म्हणाली आणि तिनं पदराच्या टोकानं कपाळ पुसलं.

पूर्वीनं तिला आठवडाभर सही गिरवायला लावली होती. बोईसरच्या एका कंपनीत हिशेब लिहिणारी पोर, तिला आईची सही पहिल्यापासून हास्यास्पद वाटायची. दिसायला सही चांगली होती, नुसतं 'येसूबाई', अक्षरं कळत. पण ती करायची तऱ्हा जगावेगळी. येसूबाई आधी वरची आडवी रेघ मारायची, तीही उजवीकडून डावीकडे. मग तिच्याखाली एकेक अक्षर लावत जायची.

ही तऱ्हा नवशाची. लग्न होऊन आली तेव्हा येसूबाईला लिहिता येत नव्हतं. नवशा चौथीपर्यंत शिकलेला, म्हणजे त्या घरातला पंडितच. बोंबील वाळत घालायच्या वलांडीशेजारी ओल्या वाळूत बसून त्यानं तिला शिकवलं. बायको शाळेत गेली नव्हती, पण बोंबील कसे टांगतात ते तिला शिकवायला नको होतं. बांबूला बांबू जोडून आधी दोरी ताणून बांधायची, मग बोंबील. दोरी नसेल तर बोंबील टांगणार कशाला? "तसाच हाय ह्यो," तो म्हणाला होता. "आदी दोरी बांद. आता एकेक अक्षर टांग." आणि वरच्या मात्रा? तो दोरीवर येऊन बसलेला कावळा. तो शेवटी बसतो, सगळे बोंबील टांगून झाल्यावर. येसूबाई खळखळून हसली होती आणि एका संध्याकाळी सही शिकली होती. दोरी उजवीकडून का, तर तिच्या माहेरी वलांडी त्याच बाजूनं बांधत.

"शाळेत असं कोणी काढत नाही गं," पूर्वी म्हणाली होती. "आधी अक्षरं, मग रेघ. लोक काय म्हणतील?" येसूबाईनं लेकीचं ऐकलं. लेक सासरी जायला निघाली की आईचा तोरा असाही थोडा उतरतोच.

पण पूर्वीला जे माहीत नव्हतं ते येसूबाईच्या पोटात होतं. काचेवरची ती सही तिनं आजवर एकदाही एकटीनं केली नव्हती.

यंत्र आलं त्या पहिल्या दिवशी नवशा बरोबर होता. गुळगुळीत काचेवरून पेन सटासट घसरत होतं. काउंटरवरचा दिग्विजय नावाचा पोरगा "काकी, परत करा, काकी, परत" म्हणत होता, मागं रांगेतले कामगार "जल्दी करो, मौसी" म्हणून चुळबुळत होते, आणि बाजार गाजवणारी येसूबाई रडकुंडीला आली होती. तेव्हा नवशा पुढं झाला आणि त्यानं आपला राठ पंजा तिच्या हातावर ठेवला. "बांद दोरी," तो कानाशी म्हणाला. दोघांनी मिळून सही केली. नमुन्यासाठी ती पुन्हा पुन्हा करायची होती, तीही तशीच केली. दिग्विजयनं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. त्याला रांग संपवायची होती.

आता नवशा हा काही बायकोचा हात धरणारा गडी नव्हे. कोळीवाड्यातून दोघं निघाली की तो पुढं आणि ती मागं, मध्ये एखादी बैलगाडी जाईल एवढी जागा. इतक्या वर्षांत त्यानं चारचौघांत तिच्या पदराला बोट लावलं नव्हतं. पण बोईसरला कोण ओळखतंय? नारळी पौर्णिमेला, गावच्या जत्रेला, कुणाच्या लग्नाला, जेव्हा जेव्हा दागिने काढायला-ठेवायला जायचं, तेव्हा काचेपुढं उभं राहून तो तिच्या हातावर हात ठेवायचा. सही होईपर्यंत. कधी सही झाल्यावरही थोडा वेळ.

खरं सांगायचं तर दुसऱ्या वेळेपासूनच येसूबाईला पेन कसं धरायचं ते कळलं होतं. तिला एकटीला जमलं असतं. पण दर वेळी काउंटरपाशी आली की ती नवऱ्याकडे बघून म्हणायची, "निसटतो वो पेन." आणि तो जवळ यायचा. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. या वयात असलं काही सांगायचं तरी कुणाला!

पण मनात म्हणणं वेगळं आणि काचेसमोर उभं राहणं वेगळं. यंत्रानं जो हात ओळखून ठेवलाय तो आपला थोडाच आहे, असं तिला आज वाटत होतं. तो नवशाचा हात. आणि तो हात आता घरी उशीवर पडून होता. भाकरीचा तुकडासुद्धा त्याला उचलवत नव्हता.

काउंटरवर आता दिग्विजय नव्हता. अर्चना नावाची तरुण अधिकारी होती. वडील अणुवीज केंद्रात नोकरीला, मूळ कऱ्हाडकडचे. ही जन्मली-वाढली इथल्या कॉलनीत. स्वभावानं गोड. "या मावशी," म्हणत तिनं यंत्र पुढं सरकवलं.

येसूबाईनं पूर्वीनं शिकवल्याप्रमाणे आधी अक्षरं काढली, मग वर डावीकडून उजवीकडे नीट रेघ मारली. सही इतकी देखणी आली की पूर्वी मागून "वा!" म्हणाली.

यंत्रावर लाल फुली आली.

"होतं असं कधी कधी. परत करा," अर्चना म्हणाली. येसूबाईनं आणखी सावकाश, आणखी देखणी सही केली. पुन्हा लाल फुली.

"अहो, पण सेम टू सेम आहे की!" पूर्वी पुढं झाली. "तुमच्याकडची जुनी सही बघा आणि ही बघा."

"दिसायला सारखी आहे, खरंय," अर्चना म्हणाली. "पण हे यंत्र सही कशी दिसते एवढंच बघत नाही. हात कसा चालला ते बघतं. सुरुवात कुठून केली, पेन कुठं उचललं, कुठं घाई केली, कुठं रेंगाळलं, जोर किती दिला. सहीचं चित्र कोणीही काढेल, पण हाताची चाल ज्याची त्यालाच येते." मग तिनं आवाज उतरवला. "आणि मावशी, आता एकदाच करता येईल. ती चुकली की लॉकर आपोआप बंद होतो. मग पालघरच्या मुख्य कचेरीतून नवा नमुना मंजूर व्हायला पंधरा-वीस दिवस लागतात. ते माझ्या हातात नाही हो."

पूर्वीचा चेहरा पडला. परवा हळद, तेरवा लग्न. तेवढ्यात तिचा फोन वाजला. मांडववाल्याचा होता, आणि तो असा ओरडत होता की तिला बाहेर जाऊन बोलावं लागलं.

येसूबाईनं ती दाराबाहेर गेल्याचं बघितलं आणि काउंटरवर ओणवी झाली. "बाय, एक सांगते. रागावू नको. ती सही मी एकलीनं कंदीच नाय केली. माजा हात, नि वर आमच्या ह्यांचा हात. तेच चालवायचे."

अर्चना म्हणाली, "काकांना आणता येईल का?"

"आनीन. पन त्यांच्या हातात आता जीव नाय."

हे वाक्य तिनं आजवर उच्चारलं नव्हतं. डॉक्टरांसमोर नाही, पाहुण्यांसमोर नाही, स्वतःशीही नाही. बोईसरच्या त्या काउंटरवर, परक्या पोरीसमोर ते तोंडातून निघालं आणि तिचे डोळे भरून आले. दागिन्यांचं दुःख नव्हतंच ते. लेक पाटल्यांवाचूनही बोहल्यावर चढली असती. पण नवशा रोज त्या जड जिभेनं विचारत होता, "पाटल्या... आनल्या?" पोरीच्या हातात त्या बघायच्या एवढ्याच हट्टावर तो उठून बसायला लागला होता. त्याला जाऊन काय सांगायचं? की तुझा हात नाही म्हणून मला कोणी ओळखलं नाही?

"मावशी, खरं सांगू?" अर्चना हळूच म्हणाली. "दोन हातांनी मिळून केलेली सही एका हाताला जुळणं अवघड आहे. पण शेवटची एकदा करायचीच असेल, तर ही शाळेतली नको. तुम्ही दोघं करायचात तशी करा. काका इथंच आहेत असं समजा."

येसूबाईनं हात पदराला पुसला. पेन घेतलं. आणि खरंच, मागं कोणी उभं असल्यासारखी जराशी डावीकडं सरकली, दर वेळी सरकायची तशी. तिनं उजवीकडून दोरी ओढली, एका दमात, ताणून. मग एकेक अक्षर टांगलं. पहिलं, दुसरं. तिसऱ्याशी नेहमीसारखी किंचित थांबली, चौथं टांगलं. शेवटी दोन कावळे बसवले आणि डोळे मिटून घेतले. लाल फुली बघायची तिची छाती नव्हती.

"मावशी," अर्चना म्हणाली, "जुळली."

येसूबाईनं डोळे उघडले. काचेवर हिरवी खूण होती.

अर्चना आपल्या पडद्याकडं वाकून बघत होती. जुन्या सगळ्या सह्या तिनं उघडल्या होत्या, एकाखाली एक. बघता बघता तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. "तुमच्या पहिल्या नमुन्याशी पण जुळतेय. मावशी, काकांनी तुमचा हात चालवला असता ना, तर आज हे शक्यच नव्हतं. प्रत्येक वेळी हात तुमचाच चाललाय. अगदी पहिल्या दिवसापासून."

"मग ते काय करत व्हते?"

"काही नाही," अर्चना म्हणाली. "नुसता हात धरून उभे असतील."

येसूबाईला हळूहळू उमगलं. ही आपली निसटत्या पेनाची थाप, आणि वर त्याचा तो गंभीर चेहरा, जसं काही होडीचं सुकाणूच हातात घेतलंय! तो राठ पंजा तिच्या हातावर असायचा खरा, पण त्याचं ओझं कधी जाणवलंच नव्हतं. "मेला सोदा!" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की रांगेतला माणूस दचकून मागं सरला. आणि मग सगळ्यांसमोर, या वयात, ती नव्या नवरीसारखी लाजली.

पूर्वी धावत आत आली. "झालं? आई, झालं? मग रडतेस कशाला?"

"रडतंय कोन? एसीचा वारा लागला डोल्याला," येसूबाई म्हणाली. "चल, पाटल्या काढ. तुजा बापूस वाट बघतो."

घरी आल्यावर पूर्वीनं पाटल्या घालून बापाला दाखवल्या. नवशानं डाव्या हातानं त्या चाचपल्या, पुन्हा पुन्हा फिरवल्या, आणि त्याच्या अर्ध्याच हसणाऱ्या तोंडावर पूर्ण समाधान उतरलं. पोर आत मैत्रिणींत गेली तशी येसूबाई खाटेशेजारी बसकण मारून बसली. तिचा आवाज बाजारातला होता.

"काय वो तांडेल. मना सगला समजला."

नवशानं डोळ्यांनीच विचारलं, काय?

"इतकी वर्षा माजा हात धरून सही करत व्हता ना? यंत्र सांगते, तुमी काय बी करत नव्हता. नुसता हात ठेवून उबा. लोकांच्या म्होरं! लाज नाय वाटली?"

नवशानं मान भिंतीकडं फिरवली. येसूबाईला आधी वाटलं, याला वाईट वाटलं. मग तिला त्याचा खांदा हलताना दिसला. तो हसत होता. हसू आवरून त्यानं मान वळवली आणि एकेक शब्द ओढून काढत म्हणाला, "नि... तू? निसटतो... वो... पेन."

येसूबाईनं त्याच्या दंडावर एक चापटी मारली, मग तिथंच डोकं टेकलं. या माणसावर आपला किती जीव आहे हे तिला ठाऊक होतं. त्याचाही आपल्यावर तेवढाच आहे, हे ती नुसतं धरून चालली होती. आज ते कळलं.

लग्न थाटात झालं. नवशाला खुर्चीत बसवून मांडवात आणलं होतं आणि पाठवणीच्या वेळी तो पोरीपेक्षा जास्त रडला. पूर्वी सासरी गेल्यावर घर एकदम मोठं झालं. दोघांना मिळून चहाचा टोपही मोठा वाटू लागला.

नवशाचा व्यायाम करून घ्यायला बोईसरहून एक मुलगी येत असे. तिनं जाताना एक पाटी दिली आणि सांगितलं, आता रोज यांच्या उजव्या हातात पेन्सिल द्यायची आणि आडव्या रेघा मारून घ्यायच्या. बोटं अजून धरणार नाहीत, तेव्हा वरून तुम्ही हात धरा आणि तुम्हीच चालवा. महिना-दोन महिने लागतील, घाई करू नका.

त्याच दिवशी दुपारी येसूबाई पाटी घेऊन त्याच्याजवळ बसली. पडवीत ऊन आलं होतं. बाहेर वलांडीवर शेजारणी बोंबील टांगत होत्या आणि एकीकडं नव्या व्याह्यांची उणीदुणी काढत होत्या. तिनं त्याच्या बोटांत पेन्सिल बसवली, वर आपला हात ठेवला आणि बाहेरच्या गप्पांत भर घालायला तोंड वळवलं. रेघ ओढायचं ती विसरूनच गेली.

तिच्या हाताखाली काहीतरी हललं.

तिनं पाटीकडं बघितलं. बोटभर रेघ उमटली होती, वाकडीतिकडी, आणि थरथरत पुढं चालली होती. येसूबाईनं जोर दिलेला नव्हता. तिनं नवऱ्याकडं बघितलं तर तो सरळ समोर समुद्राकडं बघत बसला होता, जसं काही त्याच्या गावीच नाही. तिनं हात काढला नाही. बाहेरून शेजारीण तिसऱ्यांदा हाक मारत होती, तिला येसूबाईनं सांगितलं, "मना आता टाइम नाय."